माजघरातून शिकवलेलं पिल्लू

सासरचं पहिलं वर्ष आठवलं की मला रहाटाची करकर ऐकू येते, मांडवी बंदराच्या बाजूनं येणारी समुद्राची गाज ऐकू येते, परसातल्या माडांची सळसळ ऐकू येते. माणसाचा आवाज मात्र आठवता आठवत नाही. घर काही रिकामं नव्हतं. ओटीवर मामंजी असत, चुलीपाशी आत्याबाई असत, आणि दोघांच्या मधल्या माजघरात मी. पण आम्ही तिघं मिळून दिवसभरात जेवढं बोलत असू, तेवढं माझी आई माहेरी विहिरीवर जाता-येता एकटी बोलायची.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आत्याबाई म्हणजे मामंजींची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे राहायला आलेली. आणि हे मुंबईला, एका कापडाच्या पेढीवर. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही, आता म्हातारपणी कशाला घेऊ!

घरचा दंडक असा, की सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेचा आवाज माजघराचा उंबरा ओलांडून ओटीवर जायचा नाही. आमचं घर देवीच्या पालखीचं मानकरी, त्यामुळे दंडक जरा जास्तच कडक. मामंजींना मला काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंना सांगत. आत्याबाईंच्या हातात जपाची माळ असे आणि माळ पुरी झाल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत. आमटीत मीठ कमी पडल्याचा निरोप माझ्यापर्यंत पोचेपर्यंत मामंजी हात धुऊन, पान खाऊन मोकळे झालेले असत. मला हसू यायचं. पण हसणं ही काही एकटीनं करायची गोष्ट नव्हे, म्हणून मी ते पदराखाली विझवून टाकायचे.

दुपारी खिडकीच्या गजांतून ऊन आत येई आणि सारवलेल्या जमिनीवरून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढे. ते चढताना बघत मी बसून राहायचे. आपण जाग्या आहोत की झोपलेल्या, हे मला कळायचं नाही. कधी वाटायचं, हे घर म्हणजे कोणाला तरी पडलेलं स्वप्न आहे आणि मी त्यात चुकून शिरले आहे. असलं काही बोलून दाखवलं असतं तर आत्याबाईंनी माझी दृष्टच काढली असती.

त्या दिवाळीला हे आले. आगबोट बंदराबाहेर उभी राही आणि उतारू पडावात बसून काठाला लागत. यांच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात करंडी. करंडीत तांबूस रंगाचं, पुढचा एक पाय पांढरा असलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. बोटीवरच्या कुणा खलाशाकडून मागून घेतलेलं. समुद्र लागून बिचारं पार मलूल झालं होतं. ते माझ्या ओच्यात ठेवून हे हळूच म्हणाले, "तुला सोबत." एवढंच. भाऊबीज झाली, हे गेले. मी परसातल्या दगडी गडग्याशी उभी राहून आगबोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत बघत होते, आणि पिल्लू माझ्या पायाचा अंगठा चावत होतं.

लागलेला समुद्र उतरल्यावर पिल्लाचं खरं रूप दिसलं. त्याचे दात तांदळाच्या कणीएवढे, पण सुईसारखे. जे हलेल ते त्याला चावायला हवं असे. माझी बोटं, लुगड्याचा काठ, केरसुणी, आत्याबाईंची माळ. माळेला तोंड लागलं तेव्हा आत्याबाईंनी जप अर्ध्यावर सोडून आरोळी ठोकली. त्या घरात आल्यापासून मी ऐकलेला तो पहिला मोठा आवाज. मला तर जरा बरंच वाटलं.

मग एका सकाळी मामंजी ओटीवरून खाली उतरत होते. धोतराचा सोगा वाऱ्यावर हलला. पिल्लानं सोगा तर धरलाच, सोग्याबरोबर टाचही धरली.  मामंजींनी पाय सोडवून घेतला, टाचेवरचं रक्त पुसलं, आणि माजघराच्या दाराकडे पाठ करून आत्याबाईंना म्हणाले, "आक्का, शिमग्यात पालखी आपल्या दारापुढच्या खळ्यात येणार. भोई अनवाणी नाचणार. ह्यानं एकाच्या जरी पायाला तोंड लावलं नि पालखी कलंडली, तर गाव मला वर्षभर खाऊ देणार नाय. शिमग्यापर्यंत सुधारलं तर सुधारलं. नायतर पालखीच्या दुसऱ्या दिवशी दाभोळचा मचवा हाय. भावाच्या बागेत राखणीला जाऊ दे. साखळीला बांधतील तिथं."

आत्याबाईंनी माळ पुरी केली आणि मला निरोप सांगितला. तो मला आधीच पाठ झाला होता.

मी पिल्लाला कुशीत घेऊन बसले. दाभोळ माझ्या दृष्टीनं तेव्हा विलायतेइतकंच लांब होतं. तिथल्या कुठल्याशा बागेत आंब्याच्या बुंध्याला साखळीनं बांधलेलं ते तांबूस जनावर माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू फुटलं. रडताना माझ्या नाकाचा शेंडा हलला असावा, कारण त्यानं तोही चावून पाहिला.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. मागच्या दारी येणारी मासळीवाली म्हणाली, "गो बाय, बोटांना तिरफळ चोळ. जिभेला मुंग्या आल्या की आपोआप सोडतो का नाय बघ." मी तिरफळ चोळलं. पिल्लाला शिंका आल्या, त्यानं चार-दोन गिरक्या घेतल्या, आणि मग त्याला ती चव आवडू लागली. तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाचा वास येताच ते चुलीपाशी जाऊन बसायला लागलं. आत्याबाईंनी न बोलता त्याच्यापुढे नारळाचं सोडण टाकलं. ते त्यानं मन लावून कुरतडलं, खळंभर काथ्या केला आणि दम घेऊन पुन्हा माझ्या बोटांकडे वळलं.

खरा उपाय सापडला तो घरच्या दंडकामुळेच. एकदा त्यानं माझी करंगळी अशी धरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडायची सोय नव्हती, मामंजी ओटीवर होते. मी ओठ घट्ट मिटले, हात ढिला सोडला आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. मागे सगळं गप्प झालं. थोड्या वेळानं माझ्या पाठीला ओलं नाक टेकलं. मी वळले नाही. मग ते पुढे आलं, माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि चावलेली करंगळी चाटायला लागलं. मी बोलले असते, ओरडले असते, हात झटकला असता, तर त्याला तो खेळच वाटला असता. दगडासारखं बसून राहायचं मला सासरी इतकं छान शिकवलं होतं, ते असं कामी आलं.

तेव्हापासून तेच करायचं ठरवलं. चावलं की मी भिंतीकडे. न चावता आलं की माशाचं डोकं, भाताची मूठ, नाहीतर नुसतंच कानामागे खाजवणं. मग बसायला शिकवलं. मोठ्यानं सांगायची बंदी, म्हणून मी हातातल्या बांगड्या एकदा किणकिणवायचे आणि त्याच्या कानाशी कुजबुजायचे, "बस." हळूहळू कुजबुजायचीही गरज उरली नाही. बांगडी वाजली की ते जिथं असेल तिथं बूड टेकायचं आणि माझ्याकडे बघायचं. त्या बघण्यासाठी मी दिवसातून कितीदा उगीचच बांगड्या वाजवल्या असतील!

आणि त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडू लागली. मामंजी पिल्लाशी बोलायला लागले.

आधी शिव्या होत्या. "काय रे गुलामा, वहाण कुठं नेलीस?" असं. पिल्लू वहाण तोंडात धरून माजघरात येई आणि मी ती परत पाठवी. मग एका रात्री जेवताना मामंजी ताटातला काटा त्याला देत म्हणाले, "काय रे, आजचं सार आक्कानं नाय केलेलं. ता कळतं मला. कोणी केलंन?"

मी दाराआड होते. काय झालं कोण जाणे, मी पिल्लाला म्हटलं, अगदी हळू, पण ओटीवर जाईल एवढं, "सांग, आवडलं असलं तर उद्यापण करीन."

आत्याबाईंची माळ थांबली. दंडक मोडला की नाही, हे त्यांनाही ठरवता येईना. सून सासऱ्याशी बोलली नव्हती. कुत्र्याशी बोलली होती. माळ पुन्हा फिरू लागली.

मग रोजच तसं सुरू झालं. संध्याकाळी मामंजी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसत, मी माजघरात वाती वळत बसे, आणि पिल्लू बरोबर उंबऱ्यावर, अर्धं आत अर्धं बाहेर. "काय रे, उद्या वाडीतले नारळ पाडायचे, पेज जास्त लागेल." "सांग, तांदूळ काढून ठेवलेत." समुद्रावरून खारट वारा यायचा, दिव्याची ज्योत आडवी व्हायची, आणि आमचं दोघांचं बोलणं त्या लहानशा डोक्यावरून हळूहळू इकडून तिकडे जायचं. ते आधी मामंजींकडे बघायचं, मग माझ्याकडे. एकदा मामंजी त्याला सांगत होते, "हिची सासू सारात जरासा गूळ टाकायची. लोक हसायचे. मला आवडायचं."  दुसऱ्या दिवशी मी सारात जरासा गूळ टाकला. मामंजींनी दोनदा मागून घेतलं.

मला वाटायचं, आता नाही पाठवणार. पण मधेच ते त्यालाच म्हणत, "बघ हां, शिमगा जवळ आलाय. भावाला शब्द दिलाय मी." मामंजींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. 

चारचौघांत वागायची सवय व्हावी म्हणून मी सकाळी आत्याबाईंबरोबर देवळात जाताना पिल्लाला सुंभाच्या दोरीनं बांधून न्यायला लागले. पहिल्याच दिवशी समोरून प्रभातफेरी आली. त्यातल्या एका पांढऱ्या टोपीवाल्याचा धोतराचा सोगा पिल्लानं असा धरला, की देशाला स्वराज्य मिळेपर्यंत सोडणार नाही असं वाटलं. मी बांगड्या वाजवल्या. त्यानं सोगा सोडला आणि खाली बसलं. तो गृहस्थ हसला आणि गात गात पुढे गेला. आत्याबाई म्हणाल्या, "बरं शिकवलंस गो." त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं कौतुक. मासळीबाजाराची वाट झाली, विहीर झाली, देवळाचा पार झाला. लांबूनही बांगडी वाजली की बसायची सवय त्याला पक्की झाली. मी खुशीत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पालखीचा दिवस उजाडला. खळं सारवून त्यावर रांगोळी काढलेली, आंब्याचे टहाळे बांधलेले. सासूबाई गेल्यापासून देवीची ओटी भरायला शेजारची सवाष्ण बोलवत. यंदा घरची सून होती. मी हिरवं लुगडं नेसून, खण-नारळ-तांदळाचं ताट दोन्ही हातांत धरून दारात उभी राहिले. पिल्लू माझ्या पायाशी, दोरी आत्याबाईंच्या हातात. लांबून ढोलाचा आवाज यायला लागला आणि सगळी दुपार त्या आवाजाबरोबर हलायला लागली. आंब्याची पानं हलत होती, ऊन हलत होतं.

पालखी खळ्यात शिरली. मानकऱ्याचा मान म्हणून मामंजी पुढे झाले आणि दांड्याला खांदा दिला. ढोल-ताशांनी एकदम उचल खाल्ली, सनई चढली, गुलाल उडाला. पालखी नाचायला लागली. देवीचा मुखवटा लखलख करत वर जाई, खाली येई. आणि खाली भोयांचे अनवाणी पाय, आणि त्या पायांभोवती उडणारे धोतरांचे सोगे. कितीतरी सोगे.

आत्याबाईंनी हात जोडले. जोडणारच, समोर देवी होती. दोरी सुटली.

पिल्लू सुटलं ते थेट पालखीखाली. मी एका हातानं ताट सावरलं आणि दुसरा हात हलवला. बांगड्या वाजल्या असतील. मला स्वतःलाही ऐकू आल्या नाहीत. सगळं शिकवणं माजघरात झालेलं, मुक्या घरात, कुजबुजत. आणि शिमगा म्हणजे निव्वळ आवाज. मी हात झाडत होते. पिल्लानं मामंजींचा सोगा हेरला होता. मामंजींचा एक पाय वर उचललेला, खांद्यावर देवी, आणि खाली ते तोंड उघडलेलं.

"बस!"

कोण ओरडलं, हे मला क्षणभर कळलं नाही. ढोलवाल्याची टिपरी चुकली, ताशा थांबला, सनई एकटीच जराशी पुढे जाऊन गप्प झाली. खळ्याच्या मधोमध, पालखीच्या बरोबर खाली, पिल्लू बूड टेकून बसलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. त्याच्यामागे सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मामंजी देवी खांद्यावर घेऊन उभे होते. तेवढे माझ्याकडे बघत नव्हते.

पालखी कलंडली नव्हती. पण मानकऱ्याच्या घरची सून भर खळ्यात, पुरुषांत, देवीसमोर ओरडली होती. मी पुढे झाले आणि ओटी भरली. गुरवानं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, ह्या घरच्या पोराबाळांना, गुराढोरांना, मुंबईच्या चाकरमान्याला सुखी ठेव, आणि हे मुकं जनावर पायाशी बसलंय, त्याला पण सांभाळ." सगळे "होय महाराजा" म्हणाले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आणि सून मुकी नाय, ता पण लक्षात घे गो आई." हशा पिकला. मामंजी हसले नाहीत.

संध्याकाळी ते झोपाळ्यावर बसले. पिल्लू उंबऱ्यावर जाऊन बसलं, सवयीनं. ओटीवरून शब्द आला नाही. मी वाती वळत होते, त्या नीट वळल्या जात नव्हत्या. पिल्लू मामंजींकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि शेवटी तिथंच डोकं ठेवून झोपी गेलं.

सकाळी मी दूधभात कालवून त्याला घातला. जुन्या लुगड्याचा तुकडा, सोडणाचा एक तुकडा आणि थोडी सुकी मासळी एका फडक्यात बांधली. मचव्यात कोणी विचारणार नाही त्याला, हे मला माहीत होतं. आत्याबाई माळ हातात घेऊन बसल्या होत्या, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी गाठोडं घेऊन माजघराच्या दारात उभी राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते आवरत नव्हते.

मामंजी बंदरावरून परत आले. मचवा हाकणाऱ्या तांडेलाला काहीतरी सांगून आले असावेत, कारण खाली मचव्याचं शीड उघडलेलं मला दिसत होतं. ते पायरीशी थांबले. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितल्याचं मला आठवत नव्हतं.

"त्याला पाठवून मी तुझ्याशी बोलू कसा गो?" ते म्हणाले.

खाली मचवा हलला होता. मी मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं, की आपण हे कोणाशी बोललो. पिल्लू तर केव्हाच खळ्यात कावळ्याच्या मागे गेलं होतं.